मॅकबुक एअर की थिंकपॅड एक्स१ कार्बन? दोन्ही घरात आहेत आणि डोकं चालंना

निपाणीचा हिशेबवाला
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

माझं काम म्हणजे लोकांचे हिशेब, जीएसटी, ई-टेंडर भरून देणं, आणि त्याच्या जोडीला मराठी-कन्नड अर्ज, करारपत्रं टाईप करून देणं. ऑफिस निपाणीतच पण चिकोडी, संकेश्वर, बेळगाव असं बसनं सारखं फिरणं असतंय, आणि संध्याकाळी थोरल्या भावाच्या तंबाखूच्या वखारीत बसून तिथला हिशेब. जुन्या लॅपटॉपची बिजागरी तुटली, झाकणाला मागं टेकू लावून काम चाललंय, आता नवा घ्यायचाच.

झालंय असं की मेहुणा पुण्याहून आलाय आणि त्यानं त्याचा १३ इंची एअर एम४ (१६ जीबी, २५६ वाला) माझ्याकडं ठेवलाय, "वापरा दाजी, मग बोला" म्हणून. आणि दुकानवाल्या मित्रानं एक्स१ कार्बन जेन १३ दिलाय बघायला, अल्ट्रा ७ २५८व्ही, ३२ जीबी, मॅट स्क्रीन. दोन्ही आलटून पालटून वापरालोय.

एअर म्हणजे काय, झाकण उघडलं की हजर. फॅनच नाही त्यामुळं आवाज शून्य. ट्रॅकपॅडवर बोट फिरवायलाच बरं वाटतंय. बायको आणि पोरीनं त्याच्यावर रात्री पिक्चर बघितला, घरातली मतं तिकडं गेली. पण वखारीत वर पत्र्यात उजेडासाठी जी काचेची शीट आहे तिच्याखाली बसलो की स्क्रीनवर टॅलीच्या आकड्यांच्या आधी माझंच तोंड दिसतंय. थिंकपॅडची मॅट स्क्रीन तिथं निवांत वाचता येते, रंग मात्र एअरसारखे खुलत नाहीत.

वजनात थिंकपॅड किलोच्या आसपास, एअर १.२४ किलो. आकड्यात फरक थोडा पण खांद्यावर कळतोय. आईनं थिंकपॅड उचलून विचारलं, आत काय हाय की नुसतं खोकं? कीबोर्ड थिंकपॅडचा जास्त आवडला, की दीड मिलिमीटर खाली जाते, एअरची एकच. दिवसभर टायपिंग करणाऱ्याला हे कळतंय. शिवाय साधी यूएसबी, एचडीएमआय सगळं अंगावरच. एअरला चार्जिंगचं सोडलं तर दोन टाईप-सी, बाकी सगळ्याला डॉक जोडा.

दर: एअर मार्च २०२५ मध्ये आला तेव्हा ९९,९०० चा होता. थिंकपॅडचं कोटेशन मला त्याच्या जवळजवळ दुप्पट आलंय. लोक म्हणतात घरी वापरून बघ म्हणजे कळेल, मी वापरून बघितलं आणि जास्तच गोंधळ झालाय. काय घेऊ सांगा.

खानापूरकर
मर्दा एवढं लिहिलास पण त्यात पिक्चर, ट्रॅकपॅड, आईचं मत सगळं आलं, तुझं काम कुठं आलं? एअरवर डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लावून टेंडरवर सही करून बघितलास काय? नुडीची, म्हणजे त्या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरची, फाईल उघडलीस काय? टॅली? ते आधी कर की. लॅपटॉप आवडणं वेगळं, कुठलाही चांगला लॅपटॉप चार दिवस आवडतोच.

टिळकवाडीतला सीए
खानापूरकरांशी सहमत, त्यात जरा भर घालतो.

टॅलीप्राइम मॅकवर थेट बसत नाही, विंडोजचंच सॉफ्टवेअर आहे ते. एम सिरीजच्या मॅकवर बूटकॅम्प, म्हणजे थेट विंडोज बसवायची ॲपलची सोय, पण नाही. म्हणजे पॅरलल्स, मॅकच्या आत विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं, ते पैसे भरून, आणि त्यात विंडोज ११ ची एआरएम (मॅकसारख्या चिपसाठीची) आवृत्ती चालवायची. टॅली तशी चालते. पण मायक्रोसॉफ्टच विंडोज ११ साठी किमान ६४ जीबी जागा सांगतं, तुमच्या २५६ मधून ती गेली की मागं काय उरतं बघा. आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर एआरएमसाठी वेगळा लिहिलेला असावा लागतो, साधी विंडोजची सॉफ्टवेअरं तिथं भाषांतर होऊन चालतात तसं ड्रायव्हरचं होत नाही. टोकन कुठल्या कंपनीचं आहे त्यावर सगळं अवलंबून. जीएसटीचं म्हणाल तर प्रोप्रायटर क्लायंटना ओटीपीवर रिटर्न भरता येतं, टोकन सक्तीचं कंपनी आणि एलएलपीला. तुमची खरी अडचण टेंडरची.

आता महत्त्वाचं, जे कोण विचारत नाही. तुम्ही निपाणीचे म्हणजे खरेदीला कोल्हापूरला जाणार, बरोबर? जवळ पडतंय. तुमचा जीएसटी नंबर २९ ने सुरू होणारा, दुकानाचा २७ ने. काउंटरवरच्या पोरानं सवयीनं सीजीएसटी आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी लावून बिल फाडलं तर ते क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, तुम्हाला कर्नाटकात मिळणार नाही, गेलं ते. बिल करायच्या आधी सांगा, आमचा नंबर घाला, निपाणीचा पत्ता घाला, आयजीएसटी (दोन राज्यांतल्या व्यवहाराचा) लावा. लॅपटॉपवर १८ टक्के आहे, म्हणजे ९९,९०० च्या बिलात १५,२३९ रुपये कराचे. दुप्पट किमतीच्या मशीनला तीस हजारावर. दुकानदार नाही म्हणाला तर उठून यायचं, बेळगावात घ्यायचं. माझ्या एका क्लायंटनं पोरासाठी आणि ऑफिससाठी असे दोन घेतले, दोन्हीचं बिल तसलंच, मार्चमध्ये माझ्यासमोर ठेवलं, तेव्हा काय करणार?

आणि क्रेडिट घेतलंत तर त्या कराच्या रकमेवर घसारा घेता येत नाही, उरलेल्या किमतीवर ४० टक्के. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा. तेव्हा दिवाळीच्या ऑफरची वाट बघणाऱ्यांनी तेवढा हिशेब पण करावा. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत असाल तर घसारा वेगळा मिळतच नाही, ते सोडून द्या.

अथणीचा, सध्या पुणे
सगळे थिंकपॅडकडं ढकलालेत म्हणून उलट बाजू मांडतो. भाऊ, तुमच्या ऑफिसात डेस्कटॉप आहे ना? मग टॅली, नुडी, टोकन सगळं त्याच्यावर ठेवा, एअर घ्या आणि बाहेरून त्या डेस्कटॉपला जोडून काम करा. मी तसंच करतो. जो पैसा वाचला त्यात चांगला यूपीएस येतो आणि वर उरतो. एक सांगतो, विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप वापरलं तर डेस्कटॉपला लावलेलं टोकन बहुतेक वेळा दिसत नाही, कारण ते समोरच्या मशीनचं नाही, तुमच्या हातातल्या मशीनचं टोकन शोधत बसतं. त्याच्याऐवजी एनीडेस्कसारखं काहीतरी घ्या, ते नुसता पडदा दाखवतं, टोकन जागेवरच राहतं.

आणि बॅटरीचं कुणी बोललंच नाही. ॲपल व्हिडिओला १८ तास सांगतं, तेवढे धरू नका, पण चार्जर घरी ठेवून बेळगावला जाऊन यायला काही हरकत नाही.

निपाणीचा हिशेबवाला
@अथणीचा: डेस्कटॉप आहे, पण मी बाहेर असताना ऑफिस बंद असतंय. पावसाळ्यात आमच्याकडं लाईट गेली की कधी येईल नेम नाही, यूपीएस किती वेळ ओढणार. टेंडरची मुदत चार वाजेपर्यंत आणि ऑफिसात मशीन मेलेलं, मी चिकोडीत, किल्ली माझ्या खिशात. नको वाटतंय. विचार चांगला आहे तुमचा, पण त्याला ऑफिसात एक माणूस पाहिजे.

@सीए साहेब: आयजीएसटीचं खरंच डोक्यात नव्हतं, कोल्हापूरलाच जाणार होतो. धन्यवाद.

वखारीतल्या धुळीचं कोण सांगंल काय? एअरला फॅन नाही म्हणजे धूळ आत ओढली जात नाही असं मेहुणा म्हणतोय. त्याचं खरं काय?

चिकोडी रिपेअरिंग
हे माझ्या धंद्यातलं आहे म्हणून लिहितो. मेहुणा बरोबर बोलतोय.

तंबाखूच्या वखारीतले लॅपटॉप माझ्याकडं दरवर्षी येतात. साधी धूळ ब्रशनं उडते, ही उडत नाही. खालचं कव्हर काढलं की फॅनच्या पात्यांवर तपकिरी साय धरलेली असते, आणि फॅन नि तांब्याच्या जाळीच्या मधल्या फटीत त्याचा नमदा होऊन बसलेला असतो, चिमट्यानं धरून ओढला तर अख्खा पट्टा निघतो. दमट हवेत ते आणखी चिकटतं. वास तर दुकानभर, माझा पोऱ्या शिंकून बेजार. तुमच्या वखारीत चाळण चालू असताना तिथंच बसून काम करत असाल तर फॅनवाल्या मशीनला हे होणारच, कंपनी कुठलीही असू दे.

एअरला हा प्रश्न नाही. पण त्याला फॅन नाही म्हणून सलग जड काम दिलं की तो स्वतःच वेग कमी करून गार राहतो. तुमच्या हिशेबाला काय फरक पडणार नाही, व्हिडिओवाल्यांना पडतो. पॅरलल्समध्ये विंडोज चालवून वर टॅली आणि ब्राउझर, एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली, तिथं जरा कळेल.

आता दुसरी बाजू. एक्स१ कार्बनचं खालचं कव्हर उघडायला सोपं, स्क्रू कव्हरलाच अडकून राहतात, हरवत नाहीत. वर्षातून एकदा, सुगी संपली की, कुणाकडूनही फॅन साफ करून घ्यायचा, अर्ध्या तासाचं काम. एसएसडी, म्हणजे डेटा साठवायची पट्टी, काढता येते. उद्या बोर्ड गेला तरी एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला लावून डेटा वाचवायला वाव असतो, बिटलॉकरची (विंडोजच्या डेटा-कुलपाची) रिकव्हरी की मात्र लिहून ठेवलेली पाहिजे. एअरची स्टोरेज बोर्डलाच बसवलेली, बोर्ड गेला की बॅकअप असेल तेवढंच तुमचं. रॅम दोन्हीत वाढत नाही, ती घेतानाच बघून घ्या. लोक थिंकपॅड म्हणून नंतर रॅम टाकू म्हणतात, या मॉडेलला तसं होत नाही, रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर असते.

वॉरंटी बिलावर किती वर्षांची आणि ऑनसाइट आहे काय ते घ्यायच्या आधी सिरीयल नंबर टाकून बघा. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. निपाणीपर्यंत माणूस येतो काय हे पण फोन करून विचारा, पिनकोड सांगून.

खानापूरकर
हे एक लई भारी, नमदा. आता जेवण जाईना.

निपाणीचा हिशेबवाला
काल आणि आज बसून खानापूरकरनं सांगितलं तसं सगळं करून बघितलं.

मॅकवर नुडीची जुनी फाईल उघडली तर कन्नडच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला. मेहुण्यानं नुडीचे फाँट टाकून दिले, मग वाचता आली. पण त्यात दुरुस्ती करायची म्हणजे नुडीचं सॉफ्टवेअर पाहिजे, ते विंडोजचं. युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणारं टायपिंग) लिहायला मॅकवर काहीच अडचण नाही, मराठी-कन्नड दोन्ही कीबोर्ड आधीपासून आहेत. पण माझ्याकडं येणारी निम्मी कागदपत्रं अजून जुन्या नुडीत, आणि घेणारा म्हणतोय आमच्याच फाईलमध्ये बदल करून द्या. त्याला मी युनिकोडवर व्याख्यान देत बसू काय.

टोकनसाठी मेहुण्यानं पॅरलल्सची ट्रायल टाकली. विंडोज चालू झालं, टॅली चालली, चांगली चालली, खोटं कशाला बोलू. टोकन मात्र दिसंना. थिंकपॅडला तेच टोकन कडेच्या यूएसबीत घातलं, ड्रायव्हर टाकला, पिन विचारली, सही झाली. डॉक नाही, काही नाही.

तर थिंकपॅड घेतोय. बायकोनं पैशाचं ऐकून तोंड वाकडं केलंय, तिचं चुकतंय असं पण नाही. पण एअर घेऊन वर पॅरलल्स, डॉक, जास्त स्टोरेजचं मॉडेल आणि तरीपण टेंडरला ऑफिसात पळायचं, हे जमणार नाही. क्रेडिट वजा केलं तर फरक थोडा कमी होतोय. ट्रॅकपॅडची आठवण येईल, आणि पोरीला स्पीकरचं दुःख आहे, तिला हेडफोन घेऊन देतो. वखारीत चाळण चालू असताना लॅपटॉप उघडायचा नाही, भावाच्या केबिनमध्ये दार लावून बसायचं, असं ठरवलंय.

दुकानवाला आता म्हणतोय मॅटमध्ये वेळ लागंल, ओएलईडी लगेच देतो, थोडे वाढवून. घेऊ काय?

टिळकवाडीतला सीए
नको. तुम्ही दिवसभर पांढऱ्या पानावर आकडे बघणार, तिथं ओएलईडी बॅटरी जास्त खातं. त्या काचेखालच्या उजेडासाठीच तर तुम्हाला मॅट आवडली होती. थांबा थोडं. आणि बिल झालं की जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत) दिसतंय काय ते बघून मगच क्रेडिट घ्या.

चिकोडी रिपेअरिंग
साहेब बरोबर बोलालेत, मॅटच घ्या. आल्यावर विंडोजमध्ये झाकण बंद केल्यावर स्लीपच्या जागी हायबरनेट लावून ठेवा, बॅगेत गरम होणार नाही आणि बॅटरी पण राहील. जुन्याची बिजागरी घेऊन या कधीतरी, बसवून देतो, पोरीला पिक्चर बघायला होईल.