मदत हवी आहे: भाचीचा कान, इम्प्लांट आणि जनुकीय उपचार

नमस्कार मंडळी. बहिणीची मुलगी सव्वा वर्षाची आहे. जन्मानंतरची ओएई तपासणी (आतल्या कानातल्या पेशींचा प्रतिसाद बघणारी) पास झाली म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण मागे ताटली पडली तरी पोरगी वळून बघेना. मग बेरा (आवाजाचा निरोप नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी) केली, तर दोन्ही कानांत प्रतिसादच नाही. जनुकीय रिपोर्टमध्ये ओटीओएफ जनुकात दोष निघाला. म्हणजे आतल्या कानातल्या पेशी शाबूत, फक्त त्यांचा निरोप ऐकण्याच्या नसेला पोचत नाही. ओएई पास कशी झाली ते आत्ता कळतंय!

याच दोषावर शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या डॉक्टरांनी जनुकीय उपचार केले. जानेवारी २०२४ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलंय की ६ पैकी ५ मुलांना ऐकू येऊ लागलं. जनुकाची चांगली प्रत पेशींत न्यायला विषाणू वापरतात; हे जनुक एका विषाणूत मावत नाही, म्हणून दोन भागांत कानात सोडतात.

आमचे डॉक्टर म्हणतात, थांबू नका, कॉक्लियर इम्प्लांट (ऑपरेशन करून बसवायचं ऐकण्याचं यंत्र) करा, भाषा शिकायचं वय निघून जाईल. पटतंय. पण एकाच कानात इम्प्लांट करून दुसरा पुढच्या उपचारांसाठी राखून ठेवावा का? असं कुणी केलंय? म्हैसूरच्या वाक् श्रवण संस्थेत कुणी दाखवलंय का? तेलाबिलाचे उपाय कृपया नकोत, आजीने सगळे सांगून झालेत.