मुलीची थकलेली पोटगी वसूल कशी करावी आणि वाढवून कशी मागावी?

प्रश्न (एक आई, नाशिक):
2021 मध्ये आमचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला. मुलीसाठी दरमहा 9,000 रुपये द्यायचे, असे संमतीच्या अटींत लिहिलेले आहे. मुलीच्या वडिलांनी नोकरी बदलली आणि गेल्या सात महिन्यांपासून रक्कम येणे बंद झाले. ‘तू कमावतेस, मग मी कशाला द्यायचे?’ असे ते म्हणतात. मुलगी आता चौथीत असून शाळेचा खर्च बराच वाढला आहे. थकबाकीसाठी नेमके काय करावे, आणि ठरलेली रक्कम वाढवून मागता येते का?

उत्तर (वकील, पुणे):
ताई, सर्वप्रथम हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत काढून संमतीच्या अटी त्याचा भाग झालेल्या आहेत ना, हे पाहा. तसे असेल, तर ज्या कौटुंबिक न्यायालयाने तो दिला, तिथेच वसुलीची दरखास्त दाखल करता येते. वडील नोकरदार असल्यामुळे पगाराची जप्ती हा सर्वांत परिणामकारक मार्ग ठरतो. इतर कर्जांच्या तुलनेत पोटगीच्या हुकूमनाम्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 ने अधिक बळ दिले आहे, कारण यात पगाराचा केवळ एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित राहतो. नव्या कंपनीचे पूर्ण नाव आणि पत्ता मात्र तुम्हालाच मिळवावा लागेल.

वाढीसाठी हिंदू विवाह कायद्याचे कलम 26 आहे. मुलांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण यांविषयी हुकूमनाम्यानंतरही वेळोवेळी आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला त्या कलमाने दिला आहे. आपल्याकडे मुलांच्या पोटगीचे ठरावीक कोष्टक नाही. पगाराच्या पंचवीस टक्क्यांचा जो आकडा सगळीकडे सांगितला जातो, तो 2017 च्या एका निकालात पत्नीच्या पोटगीसंदर्भात आला होता. मुलांसाठीचा तो नियम नव्हे. मुलीच्या प्रत्यक्ष गरजा, आजवरचे राहणीमान आणि दोन्ही पालकांची ऐपत यांवरून रक्कम ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या 4 नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र द्यावे लागते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हे तत्त्वही त्याच निकालात आहे, म्हणून अर्ज लांबवू नका.

तुम्ही कमावता, एवढ्याने वडिलांची जबाबदारी संपत नाही. पद्मजा शर्मा प्रकरणात (2000) आईवडील दोघेही नोकरीत होते. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाच्या प्रमाणात दोघांवर खर्चाचा वाटा टाकला. तुमचाही वाटा त्यात धरला जाईल, हे आधीच लक्षात ठेवावे.

उत्तर (एक वडील, ठाणे):
मी पोटगी देणारा आहे. माझ्या अनुभवावरून सांगतो, शपथपत्रासोबत शाळेच्या पावत्या, औषधांची बिले आणि बँकेचे उतारे महिन्यावार लावा, कारण मोघम आकड्यांवर उलटतपासणी होते. पैसे थकले म्हणून मुलीची वडिलांशी भेट थांबवू नका. भेट आणि पोटगी हे वेगळे विषय आहेत, आणि त्या रागाची झळ अखेर लेकरालाच लागते.

उत्तर (निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, कोल्हापूर):
एका मुदतीबद्दल सांगणे आवश्यक वाटते. काही जण फौजदारी मार्गाने, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली पोटगी मिळवतात. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 झाले आहे. त्या आदेशाची रक्कम पुरेशा कारणाशिवाय थकवल्यास वॉरंट निघते आणि प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज न केल्यास त्या रकमेसाठी हे वॉरंट मिळत नाही. कैद भोगल्याने थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केले आहे. ताईंच्या दिवाणी हुकूमनाम्याला प्रत्येक हप्ता थकल्यापासून बारा वर्षांची मुदत असली, तरी तेवढे थांबू नये. नोकरी पुन्हा बदलली, तर जप्तीचा आदेश नव्या मालकाच्या नावाने परत काढून घ्यावा लागतो.