रत्नागिरी पाहायला येताना : तुमचे बेत आणि तुमचे अनुभव

धागाकर्ती, माळनाका, रत्नागिरी

दिवाळी सरली की आमच्या घरी पाहुण्यांचा राबता सुरू होतो आणि प्रत्येकाच्या हातात दोन दिवसांत उरकायच्या बारा-चौदा ठिकाणांची यादी असते. यादी पुरी होते, गाडीत बसून कंबर धरते आणि माणसे रत्नागिरी न पाहताच परत जातात, असे माझे गेल्या वीस वर्षांचे निरीक्षण आहे. गणपतीपुळ्याला जाता-येता वाटेत लागणारे गाव, एवढीच बहुतेकांच्या लेखी या शहराची ओळख उरली आहे. वास्तविक हे बंदराचे गाव आहे, आणि बंदराच्या गावात कुठे जायचे याच्या आधी केव्हा जायचे हे ठरवावे लागते. येत्या डिसेंबरात माझी नणंद, तिचे यजमान आणि दोन मुले नागपूरहून शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांसाठी येत आहेत. त्या निमित्ताने विचारते : आपण रत्नागिरीचा बेत कसा आखला होता, तो कुठे फसला आणि पुन्हा आलात तर काय बदलाल? हॉटेलांची नावे आणि फोन नंबर कृपया नकोत. स्वतःवर गुदरलेले तेवढेच लिहावे.

पुण्याहून

आमचा बेत पहिल्याच सकाळी फसला, म्हणून पहिला मान आमचा. मी, हे आणि सासूबाई आंबा घाट उतरून रविवारी संध्याकाळी पोहोचलो आणि सोमवारी सकाळी थिबा पॅलेसच्या फाटकाशी उभे राहिलो. फाटक बंद होते. राखणदाराने आम्हाला न्याहाळले आणि शांतपणे विचारले, "आज वार कुठला?" आत सरकारी संग्रहालय आहे आणि ते सोमवारी बंद असते, हे आम्हा तिघांपैकी एकानेही पाहून ठेवले नव्हते. नाइलाजाने जवळच्या थिबा पॉइंटवर गेलो. तिथून भाट्याची खाडी, तिच्यावरचा पूल, राजिवड्याची वस्ती आणि पलीकडे समुद्र असा सगळा पट एका नजरेत येतो. शहराचा नकाशा डोक्यात बसायला यापेक्षा चांगली जागा नाही, त्यामुळे फसलेली सकाळ अगदीच वाया गेली नाही.

मंगळवारी पुन्हा गेलो. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढच्याच वर्षी त्याला कुटुंबासह रत्नागिरीत आणून ठेवले, हे आम्हाला ठाऊक होते. हा वाडा मात्र १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला, हे तिथे जाऊन नीट उमगले. सासूबाईंनी उभ्या उभ्या हिशेब केला आणि म्हणाल्या, "म्हणजे दोन तपे दुसऱ्याच्या बंगल्यात काढली आणि हक्काच्या वाड्यात जेमतेम सहा वर्षे." लाल रंगाची ती वास्तू, लाकडी नक्षीच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या आणि समुद्राकडून येणारा वारा हे सगळे त्या वाक्यानंतर निराळेच दिसू लागले. पुन्हा आलो तर या जागेला अर्ध्या तासाऐवजी दोन तास देऊ.

मूळ गाव हर्णै, सध्या डोंबिवली

मी मासळीच्या लिलावात वाढले आहे, त्यामुळे माझे मत एकांगी वाटण्याची शक्यता आहे. तरीही सांगते की ज्याने मिरकरवाडा हे मासळीचे बंदर पाहिले नाही त्याने रत्नागिरी पाहिली नाही. आम्ही गेल्या जानेवारीत गेलो होतो. पहिल्या दिवशी माझे यजमान म्हणाले म्हणून सकाळी नाश्ता वगैरे आटोपून दहा वाजता धक्क्यावर पोहोचलो, तर जाळी दुरुस्त करणारे चार खलाशी आणि झोपलेली कुत्री एवढेच दृश्य होते. त्यांच्यापैकी एकाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "आज होड्या उशिरा लागतील, चारनंतर या." हा प्रश्न आदल्या संध्याकाळीच विचारायला हवा होता. होड्यांची वेळ वाऱ्यावर, मासळीवर आणि कोण किती लांब गेले आहे त्यावर ठरते. ती कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही.

चारनंतर गेलो तेव्हा तोच धक्का ओळखू येईना. बर्फाचा चुरा, डिझेलचा वास, डोक्यावर पाट्या घेऊन वाट काढणाऱ्या बायका, आणि एका ओळीत मांडलेल्या क्रेटांभोवती माणसांची कोंडाळी. माझ्या समोर एक आजी बांगड्याच्या पाटीशी उकिडव्या बसल्या होत्या. वरच्या थरात चकचकीत, हाताएवढे बांगडे होते. आजींनी एक शब्दही न बोलता मनगटापर्यंत हात खुपसला, तळातला एक बांगडा वर काढला, अंगठ्याने त्याचा कल्ला उचकटला आणि आतला रंग पाहून तो परत टाकला. मग दुसऱ्या पाटीकडे सरकल्या. ताई, तुमच्या नणंदेच्या मुलांना हे दाखवाच. पायात मात्र जुनी रबरी चप्पल असू द्या, आणि फोटो काढण्याआधी विचारा. कामात असलेल्या माणसाच्या तोंडासमोर मोबाइल धरलेला कोणालाच आवडत नाही.

आता माझी चूक. उत्साहाच्या भरात किलोभर सौंदाळे घेतले आणि मुक्कामी आलो, तर तिथल्या स्वयंपाकघरात मासळी चालत नव्हती. दोन खानावळींत विचारले. बाहेरून आणलेली मासळी करून देत नाही, असे दोघांनीही सांगितले, आणि त्यांचेही बरोबरच होते. शेवटी ज्या रिक्षाने फिरत होतो त्या रिक्षावाल्या दादांना ती पिशवी देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा हातात स्टीलचा डबा होता आणि डब्यात त्याच सौंदाळ्यांचे तिखले. मुक्काम ठरवताना पहिला प्रश्न मासळी शिजवून मिळेल का हा विचारावा, एसी आहे का हा दुसरा.

सांगलीहून

वरील ताईंचे वाचून आमची फजिती आठवली. आम्ही खास मासे खायला म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हे तिथे गेल्यावर कळले. बंदरात होड्या ओळीने शाकारून ठेवलेल्या, आणि ताटात सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी व सुकटीची चटणी. खिचडी उत्तम होती, तक्रार नाही. पण पावसाळ्यात यायचेच असेल तर निवळीचा धबधबा आणि मांडवीच्या कठड्यावर फुटणाऱ्या लाटा पाहायला यावे, पापलेटाची आशा धरू नये.

निवृत्त शाळामास्तर, भाट्ये

सर्वांचे अनुभव वाचले. मूळ मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

माझ्या लहानपणी मुंबईहून रत्नागिरीला बोटीने येत असत. बोट बाहेर नांगर टाकून उभी राही आणि उतारू पडावात बसून धक्क्याला लागत. त्या काळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घड्याळ पाहता येत नसे, पण आज भरती केव्हा हे तोंडपाठ असे. त्यांचे गणित सोपे होते : तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहा. पौर्णिमा-अमावास्येला बारा वाजता धरावी. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. हा ढोबळ हिशेब आहे, तासाभराचा फरक पडतो, आणि पाण्यात उतरायचे असल्यास छापील भरती-ओहोटीचे कोष्टकच पाहावे. परंतु सहलीचा दिवस आखायला एवढे पुरते.

याचा उपयोग असा. पौर्णिमेच्या आसपास आलात तर संध्याकाळी ओहोटी असते, पाणी बरेच मागे जाते आणि भाट्याच्या सुरूच्या बनापुढे मैलभर ओल्या वाळूवर चालता येते. अष्टमीच्या सुमारास आलात तर सूर्यास्ताला पाणी भरलेले असते आणि वाळूची पट्टी आखडते. त्या दिवशी किनाऱ्याचा नाद सोडावा आणि रत्नदुर्गावर जावे. तीन बाजूंना समुद्र असलेला घोड्याच्या नालाच्या आकाराचा हा किल्ला भरतीच्या वेळीच पाहावा, कारण कड्याखाली पाणी आपटते तो आवाज ओहोटीला नसतो. भगवतीच्या देवळाजवळ उभे राहिल्यास खालचे मिरकरवाडा बंदर स्पष्ट दिसते. मांडवीच्या काळ्या वाळूला लोक काळा समुद्र म्हणतात आणि मिऱ्याकडच्या पांढुरक्या वाळूला पांढरा समुद्र. दोन्ही एकाच दिवशी पाहिल्यास मुलांना फरक पटकन समजतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. गणपतीपुळ्याला दर वर्षी पोहायला उतरलेली माणसे दगावतात, आणि बहुतेक वेळा ती घाटावरची, समुद्राची सवय नसलेली असतात. पाणी ओसरत असताना ते माणसाला आत ओढते. गुडघाभर पाण्यातसुद्धा पायाखालची वाळू सरकते. मंदिरामागच्या डोंगराला प्रदक्षिणा घालावी, पाय भिजवावेत आणि जीवरक्षक हटकेल तिथे थांबावे. नातवंडांना मी हेच सांगतो.

ठाण्याहून

गुरुजी, आपले पाऊणपटीचे गणित वहीत उतरवून घेतले. आमचा अनुभव रेल्वेचा आहे. वडील ऐंशीचे असल्यामुळे महामार्ग टाळून पहाटेच्या गाडीने आलो. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, आणि गणपती किंवा मे महिन्याच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांतच भरतात, हे कोकणी माणसाला सांगायला नको. पण नागपूरच्या मंडळींना सांगावे. येताना डाव्या-उजव्या खिडकीवरून मुलांत भांडणे झाली. रत्नागिरीच्या आधी करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, त्यात दोन्ही खिडक्यांतून सारखाच अंधार दिसला आणि भांडण मिटले.

स्टेशन शहरात नाही, कुवारबावच्या बाजूला पाच-सहा किलोमीटरवर आहे. आम्ही हे गृहीत धरले नव्हते आणि गाडी आली की सगळेच एकदम रिक्षाकडे धावतात. पंधरा मिनिटे सावलीत बसून राहिलो असतो तर घासाघीस करावी लागली नसती. वडिलांसाठी सगळ्यांत सोयीच्या दोन जागा म्हणजे टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर. जन्मस्थान म्हणजे जांभ्या दगडाचे, उतरत्या कौलांचे साधे कोकणी घर. १८५६ मध्ये टिळक इथे जन्मले. पतितपावन मंदिर भागोजीशेठ कीर यांनी स्वखर्चाने बांधले आणि १९३१ मध्ये ते सर्व जातींना खुले झाले. सावरकर त्या वेळी रत्नागिरीत स्थानबद्ध होते. वडील सभामंडपात तासभर नुसते बसून राहिले. आम्ही पुढच्या ठिकाणाची घाई करत होतो, त्याची आता लाज वाटते.

लांज्याहून

शहराबाहेर अर्धा दिवस काढता येत असेल तर उक्षीची कातळशिल्पे पाहावीत. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, कोरलेला भलामोठा हत्ती आहे आणि गावकऱ्यांनी त्याभोवती गोल कठडा बांधून तो जपला आहे. कोकणातली अशी शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आम्ही दुपारी एकला गेलो आणि कातळाने तळपाय भाजले. शिवाय डोक्यावरच्या उन्हात कोरीव रेषा दिसतच नाहीत; सकाळी आठच्या तिरप्या उन्हात त्या उठून येतात.

देवगडहून

डिसेंबरात हापूस मागू नये, एवढेच सांगायला आलो होतो. मोहोराचा वास घ्यावा आणि मे महिन्यात देवगडला यावे. रत्नागिरीकरांनी राग मानू नये, २०१८ पासून भौगोलिक मानांकन आपले एकत्रच आहे.

धागाकर्ती

देवगडकरांना माफ केले आहे. सर्वांचे वाचून नणंदेचा बेत पुन्हा लिहून काढला. दिनदर्शिका पाहिली तर त्या शुक्रवारी दशमी निघाली. गुरुजींच्या हिशेबाने भरती साडेसातला आणि ओहोटी दुपारी दीडला, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी पाणी चढलेले असणार. तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी रत्नदुर्ग, आणि त्याआधी मिरकरवाड्याचा लिलाव. होड्या केव्हा लागतील हे आमच्या कोळीण मावशी गुरुवारी सांगणार आहेत. लिलाव शुक्रवारीच बसवावा लागला, कारण शनिवारी एकादशी आहे आणि वन्संना निरंकार उपास असतो. त्या दिवशी त्यांना मासळीच्या वासात नेले तर नागपूरपर्यंत ऐकावे लागेल. एकादशीला सकाळी आठला उक्षी आणि दुपारनंतर आरे-वारे मार्गे गणपतीपुळे. आरे-वाऱ्याला वाळूत न उतरता वरच्या वळणावर गाडी थांबवून समुद्र पाहायचा. रविवारी टिळक आळी, पतितपावन आणि मग थिबा पॅलेसला सबंध दोन तास, कारण सोमवारी पहाटे ते परत निघतात.

मुलांसाठी झाडगावचे मत्स्यालय आणि तिथला देवमाशाचा सांगाडा कुठे बसवावा, हे अजून जमलेले नाही. शुक्रवारी लिलावाच्या आधी जमेल का, हे कोणी अलीकडे जाऊन आले असल्यास लिहावे.