मदत हवी आहे: कवितेचं वृत्त (छंद) तपासणाऱ्या स्क्रिप्टला आघाताचे (जोडाक्षरामुळे आधीच्या अक्षरावर पडणाऱ्या जोराचे) अपवाद कसे शिकवावेत?

कवितेच्या ओळी एआयकडून लिहून घ्यायला माझा ठाम विरोध आहे. शब्द शोधण्यातच तर कवितेचा आनंद आहे. अक्षरं-मात्रांची मोजणी मात्र यंत्राने खुशाल करावी. पण चॅटबॉट तीही नीट करत नाही. उदाहरणार्थ, भुजंगप्रयात या वृत्ताच्या ओळीत लगागा (ल म्हणजे लघू, १ मात्रा; गा म्हणजे गुरू, २ मात्रा) चार वेळा, म्हणजे १२ अक्षरं, २० मात्रा. चॅटबॉट मजकुराचे तुकडे अक्षरांप्रमाणे पाडत नाही, त्यामुळे ११ अक्षरांची ओळही कधीकधी बिनदिक्कत बरोबर ठरवतो.

म्हणून पायथनची छोटी स्क्रिप्ट केली आहे. ऱ्हस्व स्वर १ मात्रा. दीर्घ स्वर, अनुस्वार, विसर्ग किंवा पुढे जोडाक्षर असेल तर २. या शेवटच्या नियमातच घोळ होतो. 'तुम्ही', 'उन्हात' यांत आधीच्या अक्षरावर आघात येत नाही, ते लघूच राहतं. म्ह, न्ह, ल्ह वगळून हे सुटतं. खरी अडचण 'य'ची: 'तुझ्या'तला तु लघू, 'विद्या'तला वि गुरू. 'पुण्याचा' तर शहराबद्दल असेल तर पु लघू, पुण्यकर्माबद्दल असेल तर गुरू!

अशा शब्दांची यादी कुणाकडे आहे का? की सामान्यरूपांना (प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप बदलतं त्यांना: झ्या, च्या, ण्या) वेगळा नियम लावून उरलेले शब्द हाताने खुणावेत? गझल लिहिणाऱ्यांनी आवर्जून सांगावं.