वीस टक्के मालावर दुकान चालतं का?

कराडचा दुकानदार
परवा इथे एकांनी लिहिलं: '८० टक्के विक्री २० टक्के मालातून होते, बाकीचा माल काढून टाका आणि सगळी ताकद त्या २० टक्क्यांवर लावा.' वाचून राहवलं नाही, कारण मी नेमकं हेच करून हात पोळून घेतलेत.

आमचं हार्डवेअरचं दुकान, वडिलांपासूनचं. वही काढून बघितली तर सिमेंट, सळी, रंग आणि पाइप यांतच बहुतेक उलाढाल. मग नळाचे वायसर, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, सुटे स्क्रू ठेवणं बंद केलं. सहा महिन्यांत प्लंबर आणि सुतार समोरच्या दुकानात जायला लागले. पाच रुपयांच्या वायसरसाठी जिथे पाय वळतो, तिथेच तो घरमालकाला पाइप घ्यायला घेऊन जातो. हे वहीत कुठे लिहिलेलं असतं? शिवाय सिमेंटच्या पोत्यामागे सुटतं किती, आणि उधारी किती! सुट्या मालात चार पैसे जास्त, तेही रोख. विक्री बघून निवडलेला माल वेगळा, नफा बघून निवडलेला वेगळा.

आकडेमोड
तुमचा निर्णय चुकला, त्याचं खापर तत्त्वावर का? हा ८०-२० चा नियम ज्याच्या नावाने ओळखतात, त्या पॅरेटो या अर्थतज्ज्ञाने अभ्यास केला संपत्तीच्या वाटपाचा. कारखान्यातल्या दोषांना तो नियम लावून त्याला पॅरेटोचं नाव दिलं गुणवत्तातज्ज्ञ जुरानने, आणि ते नाव देण्यात आपली चूक झाली असं १९७५ साली लेख लिहून त्यानेच कबूल केलं. 'क्षुल्लक अनेक' हा स्वतःचा शब्दही पुढे बदलून 'उपयुक्त अनेक' केला. बाकीचं फेकून द्या, असं त्यात नाहीच.

आमच्या कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये महिनाभर रिजेक्शनच्या नोंदी ठेवल्या. निम्म्याहून जास्त तुकडे एकाच फिक्श्चरच्या (यंत्रावर तुकडा धरून ठेवणाऱ्या साच्याच्या) झिजलेल्या पिनमुळे जात होते. त्याआधी वर्षभर आम्ही ऑपरेटरांना बोलत होतो. एक पिन बदलली, विषय संपला.

लातूरकर
मोजक्यावर ताकद लावली की काय होतं ते आमच्याकडे येऊन बघा. राज्यातल्या लागवडीच्या ४ टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो, हे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने लिहून ठेवलंय. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. मी रात्री दोनला उठून टँकरच्या रांगेत घागरी लावल्यात.

कृष्णाकाठ
आला ऊस! दुकानाच्या चर्चेतही आम्हीच गुन्हेगार. भाऊ, सोयाबीनचा हमीभाव कागदावर असतो, आडतीवर किती मिळतो? उसाला २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचाच किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. कारखाना नोंद घेतो, तोडणीची टोळी पाठवतो. माझ्या भावाची द्राक्षबाग एका गारपिटीत आडवी झाली, ऊस तेवढा उभा राहिला. ज्यात पैसा बुडत नाही तेच पीक माणूस धरणार. एकदा बांधावर या, मग शिकवा.

लातूरकर
बांधावरच वाढलोय. कारखान्याने उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचं हा कायदा आहे, माझ्या मामांचं अकरा महिने अडकलं होतं. त्या पैशावर बहिणीचं लग्न ठरलेलं. पैसा बुडत नाही म्हणे! आणि तुमच्या हमखास पिकाचं पाणी कुणाच्या तोंडचं जातं, ते बोला.

कृष्णाकाठ
तुमचं पाणी आम्ही नाही प्यायलो. कृष्णा वेगळी, मांजरा वेगळी. तुमच्या जिल्ह्यात कारखाने कुणी काढले ते तुमच्या पुढाऱ्यांना विचारा.

निशिगंधा
दोघंही थांबा जरा. ही वृत्ती शाळेतही आलीय. माझ्या आधीच्या शाळेत स्कॉलरशिपला लागतील अशी सहा मुलं निवडली, जादा तास फक्त त्यांना. उरलेल्या चाळीसांना फळ्यावरचं उतरवून घ्या म्हणायचं. त्यांच्यातला एक जण सातवीत आला तरी जोडाक्षर वाचू शकत नव्हता. मी मुख्याध्यापकांशी भांडले आणि शाळा सोडली. पिन बदलता येते आकडेमोड, मूल नाही.

आकडेमोड
मुलांना हे लावा असं मी कुठे म्हटलं? पण तुमचा मुद्दा मान्य. यंत्राचं गणित माणसांवर चालवू नये.

कृष्णाकाठ
लातूरकर, एक मान्य करतो. पाटाने पाणी सोडणं चूकच. माझ्या दोन एकरांत ठिबक केलंय, बाकीच्या तीन एकरांत अजून पाटच आहे. पैसा आला की करीन. पण ऊस सोडणार नाही.

लातूरकर
तीन एकर झाले की सांगा. तोवर माझं मत तेच.

कराडचा दुकानदार
आकडेमोड, पिनचं पटलं. तुम्ही दोष काढून टाकला, मी गिऱ्हाईक काढून टाकलं. वायसर आणि स्क्रूचे डबे मार्चपासून परत लावलेत. सुतारांपैकी दोघंच परत आलेत. प्लंबर अजून समोरच जातात.