टर्बोच्या आधी तडकलेला मॅनिफोल्ड: वेल्डिंग की नवा?

डिझेलदादा:
टर्बो डिझेलचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला जळका गॅस गोळा करून टर्बोकडे नेणारा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) भाग, तडकला की गॅरेजमधला सल्ला ठरलेला: "वेल्डिंग मारून देतो, चालतंय." माझं मत स्पष्ट आहे. टर्बोच्या आधी वेल्डिंग नकोच; नवा टाका, नाहीतर स्क्रॅपमधला शाबूत बघा. लोडवर तिथला गॅस ७००-८०० अंशांवर जातो. बीड तापतं, निवतं आणि वेल्डिंगच्या कडेला कडक झालेला पट्टा पुन्हा फुटतो. टर्बोमागच्या सायलेन्सर पाइपला खुशाल टाके मारा, तिथे दाब नावालाच असतो.

नटबोल्ट नाना:
सरसकट नको म्हणू नका दादा. साधा स्टीलचा रॉड थंड बिडावर ओढला तर फुटणारच. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा म्हणजे तो पुढे पळत नाही. मग व्ही खाच काढा. अख्खा मॅनिफोल्ड २००-३०० अंशांपर्यंत तापवून निकेल रॉडने इंच-इंच टाके द्या, प्रत्येक टाका गरम असतानाच हलकं ठोका. शेवटी कोरड्या वाळूत पुरून रात्रभर निवू द्या. कोल्हापूरकडे फाउंड्रीच्या पट्ट्यात हे जाणणारे कारागीर आहेत.

डिझेलदादा:
आहेत, पण नाक्यावरचा वेल्डर एवढं करतो का? शिवाय वेल्डिंगने फ्लँज, म्हणजे इंजिनच्या हेडला टेकणारी सपाट बाजू, वाकते. सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला, ०.१ मिमीची पात आत गेली तर सरफेस ग्राइंडिंग करून घ्याच. वाकडी फ्लँज तशीच आवळली की कडेचा स्टड (हेडमध्ये बसवलेला आटेदार दांडा) तुटतो. मग हेडमधून तो काढण्याचा खर्च वेगळाच.

पाना दहा-बारा:
तुमचं चालू द्या, पण गळती मॅनिफोल्डलाच आहे हे कुणी पाहिलं? स्कॅनरवर पी०२९९ हा कोड आला तर त्याचा अर्थ बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, कमी एवढंच. इंटरकूलरचा (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीचा) होज फाटला तरी तोच कोड येतो, पण तेव्हा काळा धूर आणि लोडवर हिस्स आवाज असतो. इंजिन रात्रभर थंड ठेवा, हीट शील्ड काढा, सकाळी स्टार्ट करून पहिली दोन-तीन मिनिटं ऐका. मीटरभर रबरी नळी कानाशी धरून दुसरं टोक जोडाजोडांवरून फिरवा, पट्टा आणि फॅनपासून लांब. टिकटिक गरम झाल्यावर मंदावली तर गास्केट किंवा बारीक तडा. गरम झाल्यावरही चफ-चफ तशीच राहिली आणि इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसला तर तो इंजेक्टरचा तांब्याचा वॉशर, मॅनिफोल्ड उगाच उतरवू नका. ईजीआर पाइपची (थोडा जळका गॅस परत इंजिनात नेणाऱ्या पाइपची) पन्हाळीदार बेलोही बघा, तीही टर्बोच्या आधीच आहे आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटते.

सोपा उपाय:
एवढा खटाटोप कशाला? हीटप्रूफ पेस्ट लावा, विषय संपला.

पाना दहा-बारा:
पाइपच्या शेवटच्या जोडाला लावा. टर्बोच्या आधी नको. लाल सिलिकॉन ३०० अंशांच्या आसपास हार मानतं, आणि सिमेंट पेस्टचा तुकडा सुटला की टर्बाइनच्या पात्यांवर जातो. पेट्रोल गाडीत तर सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरही खराब करते. आणि बॉनेटखालचा गॅस ब्लोअरमधून केबिनमध्ये येतो, त्यामुळे दुरुस्ती होईपर्यंत बाहेरची हवा बंद ठेवा.

नटबोल्ट नाना:
हे मान्य. स्टडवर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारा. नट आधी किंचित आवळून मग सोडा. थेट उलटा झटका दिला की मोडलाच. बसवताना गास्केट आणि तांब्याचा मुलामा असलेले लॉक नट नवेच, आटे घासून साफ, आवळणं मधून कडेला, तीन फेऱ्यांत. टॉर्क त्या इंजिनच्या मॅन्युअलचा. ८ मिमीच्या स्टडला तो बहुधा २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो.

आणि दादा, तुमचा स्क्रॅपमधला तपासल्याशिवाय घेऊ नका. तडे बहुतेक दोन पोर्टांच्या मधे असतात, काजळीखाली दिसत नाहीत. तारेच्या ब्रशने घासा, टांगून हलकी हातोडी मारा. शाबूत बीड खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं.