मदत हवी आहे: तंबोऱ्याचे फोटो नीट कसे काढायचे?

नमस्कार मंडळी,
आम्ही मिरजेचे. बाबा तंबोरे आणि सतारी बनवतात, आजोबांपासूनचं काम. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरगावचे लोक इन्स्टाग्रामवर चौकशी करतात. पण फोटो पाठवले की गप्प. चूक त्यांची नाही, फोटोच तसे आहेत.

खोली लहान. पुरुषी तंबोरा पाच फुटांच्या आसपास, वाइडवर घेतल्याशिवाय मावत नाही. मग मंगळवेढ्याकडून आणलेला भोपळा अवाढव्य दिसतो आणि खुंट्यांकडे दांडी काडीसारखी. पॉलिशवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा उमटतो, नेमका तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर. पांढऱ्या पट्टीवरची नक्षी इतकी उजळते की बाबांनी कोरलेली पानं दिसतच नाहीत.

गेल्या महिन्यात एका ताईंनी तंबोरा परत पाठवला. 'फोटोत तपकिरी होता, हा लालसर आहे.' बाबा काही बोलले नाहीत. पेटी उघडली, तारा जुळवल्या आणि जवारीचा, म्हणजे तारांच्या झंकाराचा, दोरा सरकवत बराच वेळ नुसते ऐकत बसले. ते बघवलं नाही.

तीन हजारांपर्यंत खर्च करू शकते. लाइट घेऊ का? आणि जवारी फोटोत दाखवायची तरी कशी?

प्रतिसाद १:
ताई, मी सांगलीत दागिन्यांचे फोटो काढतो, चकाकीचं दुखणं तेच. लाइट सध्या घेऊ नका. ट्यूब बंद करा. ट्यूब आणि खिडकी असे दोन उजेड मिसळले की रंग बिघडतो. तंबोरा ओसरीत सावलीत ठेवा, दहा-बारा फूट मागे जा आणि टू-एक्स झूमवर काढा. मोबाइल दांडीच्या मध्याच्या उंचीवर धरा. उजेडाच्या बाजूला पांढरं धोतर ताणून बांधा. मोबाइलच्या स्क्रीनवर नक्षीवर बोट दाबून धरा आणि ब्राइटनेस जरा खाली ओढा. एक फोटो शेजारी पांढरा कागद ठेवून घ्या, त्यावरून रंग जुळवता येतो.
जवारीसाठी मात्र व्हिडिओच. घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, अगदी जवळून, दोरा सरकवताना आवाज खुलतो तो क्षण. बाबांचे हात दिसू देत.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार. काल ओसरीत करून पाहिलं. पट्टा गेला, पानांच्या शिरासुद्धा दिसल्या! रंग अजून पिवळट येतोय. समोरची भिंत पिवळी आहे, तिच्यामुळे असेल का?